घशातली साय

डॉक्टर हणमंतप्पांनी माझ्या मसुद्यात तांबड्या पेन्सिलीनं एक एच खुपसला आणि माझा दिवस नासला. खुपसला हाच शब्द बरोबर. पी आणि टी यांच्यामध्ये जागा नव्हती, म्हणून त्यांनी खालून एक टोकदार छप्पर काढलं आणि त्या छपरावर तो एच बसवला. मसुदा सगळा मराठीत होता. फक्त मथळ्याखाली रोगाचं इंग्रजी नाव, डिफ्थेरिया, द्यायचं होतं, आणि नेमकं तेवढंच मी चुकवलं होतं. "गोपाळराव," डॉक्टर म्हणाले, "डिप नव्हे, डिफ. सगळं जग चुकतंय म्हणा. पण आपल्या कचेरीनं कशाला चुकायचं?" आणि हसले. ते मुरुमचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, स्वभावानं अगदी लोणी. त्यांना मला दुखवायचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी जागेवर येऊन बसलो तेव्हा माझे कान तापले होते. भाषांतर करणाऱ्या माणसाची अब्रू ती केवढी, एका अक्षराएवढीच. मी तो कागद पालथा घातला आणि दुसरं काम ओढलं.

महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. उस्मानाबादेत वरून येणारं सगळं आता मराठीत करायचं असा हुकूम होता, आणि आरोग्याच्या कचेरीत ते करायला मी होतो. माझी शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झाली, घर मराठीत आणि नोकरीची परीक्षा इंग्रजीत. माझी बायको चारुशीला म्हणते, "तुम्हाला तीन भाषा येतात आणि तिन्हींत भाजी आणायला विसरता." त्या हिवाळ्यात तेरणेकाठच्या गावांतून मुलांचे घसे धरल्याच्या बातम्या येत होत्या. काही मुलं गेलीही. म्हणून एक हस्तपत्रक छापून गावोगाव वाटायचं, चावडीवर वाचून दाखवायचं ठरलं. इंग्रजी मजकूर मुंबईहून आला होता, मी त्याचं मराठी करत होतो. काम साधं होतं. पण तो एच काही मला सोडीना. जेवताना मी मनातल्या मनात तो शब्द म्हणून पाहत होतो. डिफ्, थे. ओठांतून एक फुंकर सोडायची, ती संपायच्या आत जिभेनं दुसरी सोडायची. लागोपाठ दोनदा फुंकर मारायला जीभ आळस करते. पहिली गिळून टाकते. मग मी चुकलो यात माझा एकट्याचा काय दोष? हा सगळ्या मानवजातीच्या जिभेचा दोष आहे असं माझ्या मनानं ठरवलं आणि मला जरा बरं वाटलं. चारुशीला म्हणाली, "फुंकरा कसल्या मारताय? आमटी गार झालीय."

पण एकदा कुतूहल लागलं की ते मला खरजेसारखं लागतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन मी मोठा कोश काढला. शब्द मूळचा ग्रीक निघाला. अर्थ चामडं. कमावलेलं कातडं. या रोगात घशात एक पांढुरकं, चिवट कातडं धरतं म्हणून एका फ्रेंच डॉक्टरनं रोगाला ते नाव दिलं. एवढंच होतं. मी कोश मिटणार होतो, पण तो ग्रीक शब्द, दिफ्थेरा, मी दोनदा पुटपुटलो आणि मला वाटलं, हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. कुठला ते सापडेना. गल्लीत एखादा माणूस आपल्याला नमस्कार करून जातो आणि दिवसभर आठवत नाही की हा कोण, तसं झालं. संध्याकाळी दर्ग्याकडच्या आळीत आमचे जुने फारसीचे काझी मास्तर राहत, त्यांच्याकडे गेलो. मास्तर आता फार थकले होते. शाळेत फारसी राहिली नव्हती, तेव्हा त्यांच्याकडे कुणी शब्द विचारायला येत नसे. मी विचारला तेव्हा ते खाटेवर उठूनच बसले. "अरे मियाँ, ये तो तुम्हारा दफ्तर है! दफ्तर यूनान का लफ्ज है. दिफ्थेरा. खाल. कागज कहाँ था उस वक्त, खाल पे लिखते थे वो लोगां. खाल पे खाल रखके सी दिए, दफ्तर हो गया. यूनान से ईरान आया, ईरान से हमारे पास आया." आणि मग माझ्याकडे पाहून, "मगर तुमको ये आज क्यूँ सूझा?" मी सांगितलं, रोगाचं नाव आहे. "बच्चों को होता है ना वो," ते म्हणाले. "खुनाक. हमारी बहन गई उसमें." मग त्यांनी चहा मागवला आणि बोलणं दुसरीकडे नेलं.

मी परत निघालो तो जवळजवळ पळतच. किती आनंद झाला होता मला, खरं सांगतो. ज्या दफ्तरात मी रोज बसतो आणि जो रोग पोरांचे गळे दाबतो, ती एका कातड्याची नावं! आणि त्यातली सगळ्यांत गंमत तर पुढेच होती. आम्ही मराठी माणसं दफ्तर म्हणतोच कुठं? दप्तर म्हणतो. पोरं पाठीला दप्तर लावून शाळेत जातात. म्हणजे जी फुंकर मी काल त्या मसुद्यात गिळली, तीच माझ्या वाडवडलांनी पिढ्यान्पिढ्या आधी गिळून ठेवली होती. मी चुकलो नव्हतो. मी घराण्याची चाल पाळली होती. हे डॉक्टरांना सांगितलं पाहिजे असं म्हणत मी सकाळी वेळेआधीच कचेरीत जाऊन बसलो.

डॉक्टरांनी ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून हसले. "होय की! आणि मला हा एच कधी कळला माहीताय? आम्ही हैद्राबादला डॉक्टरी उर्दूत शिकलो. खुनाक म्हणून पाठ केलं. विलीनीकरण झालं, मग या वयात बसून एकेका रोगाची इंग्रजी स्पेलिंगं घोटली. म्हणून ती पेन्सिल. तुम्हाला वाटलं असेल, काय खवचट माणूस आहे." मला तसं वाटलं होतं, पण मी नाही म्हणालो. मग ते मसुद्यावर बोट ठेवून म्हणाले, "पण गोपाळराव, बायांना काय कळणार? खुनाक गेलं. डिफ्थेरिया त्यांच्या बापजन्मी ऐकलेला नाही. घटसर्प लिहिलंय तुम्ही." तेवढ्यात चहा घेऊन आलेला रामकिसन, आमचा शिपाई, थांबला. तो तेरचा, घरी शेती. "सायेब, घटसर्प तर बैलाला हुतो. नरडं सुजून जनावर आडवं पडतंय. पोरास्नी कसा हुईल?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं. पत्रक वाचून लोक बैल घेऊन येतील टोचायला." मग चहा ओतता ओतता ते म्हणाले की त्यांच्या आज्याच्या तोंडी घटसर्प म्हणजे तिसरंच काही होतं. मडक्यात साप ठेवायचे, ज्याच्यावर आळ असेल त्यानं आत हात घालायचा. साप चावला नाही तर माणूस खरा. मी ते टिपून घ्यावं म्हणून खिशात पेन शोधू लागलो. "राहू द्या ते," डॉक्टर म्हणाले. "उद्या जीप तेरला जातीय. तुम्ही चला. बाया त्याला काय म्हणतात ते कानानं ऐका आणि तेच लिहा."

तेरला शाळेच्या ओट्यावर डॉक्टर मुलांचे घसे बघत होते. मी बाजूला एका पोत्यावर बसलो होतो. गावात कुठंही खणलं तरी जुनी खापरं आणि विटा निघतात. ओट्याशेजारच्या भिंतीतही कुठल्या काळातल्या रुंद विटा सरळ बसवून टाकलेल्या होत्या. एरवी मी त्यावरच दिवस काढला असता. पण सिताबाई नावाची एक बाई पोराला कडेवर घेऊन माझ्याजवळ टेकली, आणि ज्यासाठी आलो होतो ते मी विचारलं. घशात पांढरं धरतं त्याला तुमच्यात काय म्हणतात? "साय म्हनत्यात की," ती म्हणाली. "दुधावानी साय धरती. पर दुधाची निघती, ही न्हाय निघत. काढाया गेलं तर रगात येतंय. आमच्या थोरल्या जावंनं काढली हुती तिच्या पोरीची." "मग?" "मग काय," सिताबाई म्हणाली आणि कडेवरच्या पोराचं नाक पुसलं. मी कागदावर 'साय' हा शब्द लिहिला. लिहिला आणि माझा हात तिथंच थांबला. एवढे दिवस मी ग्रीसपासून इराणपर्यंत हिंडलो होतो, कातडं कातडं करत होतो, आणि हा शब्द तर माझ्या घरात होता. तो शेवटचा ऐकला तेव्हा मी मुंज झालेला पोरगा होतो आणि माझ्या हातात तुरटीच्या लाहीची वाटी होती.

तुळजापूरला आमच्या आळीत माझ्या आईला घशाच्या काकू म्हणत. कुणाच्या पोराची पडजीभ लोंबली, घसा आला, तान्ह्याच्या जिभेवर दुधाचं पांढरं साचलं, की बाया पोर घेऊन आमच्या उंबऱ्याशी येत. आई हात धुवी, तर्जनीला जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळी, ती तुरटीच्या लाहीत आणि मधात बुडवी, आणि एका हातानं पोराचे गाल दाबून दुसऱ्या हाताचं बोट असं सफाईनं आत घाली की पोराला रडायची सवडच मिळत नसे. वाटी धरायचं काम माझं. बोट बाहेर आलं की बाया म्हणत, "काकूंच्या बोटात देवी हाय." आई नको नको म्हणायची, पण तिला ते आवडायचं. ती आवडल्याची लाली मला अजून दिसते. मग एका वर्षी, आश्विनी पौर्णिमेच्या गर्दीत, माझी धाकटी बहीण चंद्रप्रभा, आमची चंदू, तापानं फणफणली. मानेशी सुजली. तिचा आवाज बदलला, घोगरा, कुणा म्हाताऱ्या माणसाचा आवाज तिच्या तोंडातून यावा तसा. आम्ही दोघं त्याला हसलो होतो, तीसुद्धा. तिच्या श्वासाला एक गोडसर, कुजका वास होता. मी तिच्याजवळ झोपायचो म्हणून तो मला माहीत. दुपारी दारात गाडी उभी होती, बैल जुंपलेले. वडील, नारायणराव, देवीच्या देवळातले उपाध्ये, डोक्याला उपरणं गुंडाळून गाडीशी उभे होते. सोलापूरला न्यायचं चाललं होतं, निजामाच्या मुलखाबाहेर, करोडगिरीच्या जकातनाक्यापलीकडे, तिथं मोठे डॉक्टर होते. आईनं चंदूला उंबऱ्यात उजेडाला बसवलं. मी वाटी धरली. बोट आत गेलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिलं, आणि बाहेर आलं तेव्हा चिंधीवर पांढुरका, जाडसर पापुद्रा होता. "साय," आई म्हणाली. "बघ, निघाली." मग चंदूच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच की बाहेर घुंगरं वाजली आणि वडील गाडीवानाला म्हणाले, "बैल सोड." चंदू त्यानंतर फार दिवस राहिली नाही. आईनं पुढं कुणाच्याही पोराच्या तोंडात बोट घातलं नाही. बाया आल्या की म्हणायची, बोट दुखतंय. माझी मुलगी एकदा खोकत होती तर आई उठून मागल्या दारी गेली आणि खोकला थांबेपर्यंत आत आली नाही. आणि वडील? सोलापूरला न जाता त्या दिवशी ते यजमानांना घेऊन देवळात गेले. आळीत सगळे म्हणत, नारायणरावांनी दक्षिणा बुडेल म्हणून पोरीसाठी गाडी काढली नाही. मीही म्हणत असे, मनात. मोठा झाल्यावर त्यांच्याशी कामापुरतं बोलत राहिलो. विलीनीकरणानंतर थोड्याच दिवसांनी ते वारले तेव्हा मला रडू आलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

परत येताना जीपमध्ये मी डॉक्टरांना विचारलं, सहज विचारल्यासारखं, "ती साय कुणी काढली तर?" "काढू नये. रक्त येतं. ती वरवर धरलेली नसते, आतल्या मांसाला चिकटलेली असते." "पण काढली म्हणून मूल गेलं, असं म्हणता येईल?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "नाही म्हणता येणार. मूल जातं ते विषानं. ते विष रक्तात भिनतं, हृदय धरतं. साय काढा नाहीतर ठेवा, ते आपलं काम करतंच. वेळेवर सुई टोचली तर वाचतं." मी वाक्याचा पहिला भाग घट्ट धरला. म्हणता येत नाही. आईच्या बोटानं चंदू गेली असं म्हणता येत नाही. इतकी वर्षं माझी आई त्या बोटाशी अबोला धरून बसली होती, आणि हे सांगायला कुणी नव्हतं. आता मी होतो. शब्दाच्या मागं हिंडत हिंडत मी तिची सुटका घेऊन आलो होतो. सुईचं जे वाक्य होतं ते मी सीटवर तसंच राहू दिलं. ते तिच्या उपयोगाचं नव्हतं, आणि त्याचा जाब देणारा माणूस तर केव्हाच गेला होता.

रविवारी मी तुळजापूरच्या बसमध्ये बसलो. घाटाच्या अलीकडे रानात करडई पिवळी फुलली होती. बसमध्ये परड्या घेतलेल्या देवीच्या आराधिणी होत्या, एक लग्नाचं वऱ्हाड होतं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. आईला ग्रीक कसं सांगायचं? दफ्तरापासून सुरुवात करावी का? की सरळच सांगावं? मला स्वतःचंच हसू आलं, की माणूस आईला माफी द्यायला निघालाय आणि मथळा काय द्यावा याचा विचार करतोय. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आम्ही घरात चंदूचं नाव घेत नव्हतो. घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप बंद झालं होतं, विहिरीवरचा रहाट बंद पडावा तसं, आणि मग तो सुरू कसा करायचा ते सगळे विसरले होते. आई माझ्या चुलतभावाच्या बिऱ्हाडाला लागून दोन खोल्यांत राहते. उस्मानाबादला चल म्हटलं तर देवीचं शिखर दिसलं पाहिजे म्हणते. मी गेलो तेव्हा ती अंगणात उन्हाला बसून करडईची भाजी निवडत होती. "एकटाच आलास? सूनबाई कुठंय? आणि पोरगी?" "कामासाठी आलोय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मी तिला पत्रकाचं सांगितलं. तेरकडे मुलांचे घसे धरतायत, त्यावर कागद छापायचाय, तो मी लिहितोय. ती ऐकत होती, पानं खुडत होती. मग मी शब्दाची गोष्ट सांगायला लागलो. ग्रीक लोक कातड्यावर लिहायचे. त्यावरून रोगाचं नाव पडलं, त्यावरूनच दप्तर. "अगोबाई," आई म्हणाली, "म्हणजे तू त्यातच बसतोस म्हण की." ती हसली. मला धीर आला. मी म्हटलं, "आई, ते घशात जे धरतं ना, ते दुधाचं नसतं. ती साय नसते. ते कातडं असतं, आतून आलेलं. डॉक्टर म्हणाले, ते काढलं म्हणून मूल जात नाही. काढलं नाही तरी जातं. विष आधीच हृदयात उतरलेलं असतं. त्यात बोटाचा दोष नाही." शेवटचं वाक्य मी बसमध्ये जुळवलं होतं.

आईनं भाजी खाली ठेवली नाही. आणखी दोन काड्या खुडल्या. मग म्हणाली, "त्याला औषध असतं का?" बसमध्ये मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवली होती, फक्त याचं नाही. "आता असतं," मी म्हटलं. "तेव्हा होतं का?" तिनं विचारलं. अंगणापलीकडे चुलतभावाच्या पोरी सागरगोटे खेळत होत्या. नाही म्हणायला किती सोपं होतं. कुणाला कळणार होतं? भाषांतरात मी रोज काही ना काही गाळतो. पण तिच्याकडे पाहिलं आणि मला उमजलं की ती मला पारखत नाहीय, मला खोटं बोलण्यातून वाचवायला बघतेय. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून तीच म्हणाली, "सोलापूरला होतं. सुई होती. तुझ्या वडलांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तर गाडी जुंपली होती."

"आणि मग त्यांनी सोडली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कडू लागला. इतक्या वर्षांचा राग त्या चार शब्दांत होता आणि तो लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

"त्यांनी नाही रे," आई म्हणाली. "मी सोडायला लावली." तिनं आता माझ्याकडे पाहिलं. "तुला आठवत असेल. वाटी तूच धरली होतीस. ते म्हणत होते, चल, पोरीला गाडीत घे, उशीर करू नको. मी म्हटलं, थांबा की जरा, कशाला एवढं लांब उन्हाचं न्यायचं, सायच तर आहे, आत्ता काढते. किती पोरांची काढली होती मी. आणि ती निघाली. बोटाला आली. मला इतकं बरं वाटलं, गोपा, की मी दारातूनच ओरडून सांगितलं, निघाली हो, सोडा बैल. रक्त मला नंतर दिसलं. तोवर बैल दावणीला गेले होते. परत जुंपा म्हणायला तोंड झालं नाही माझं. रात्रभर म्हणेन म्हणेन म्हणत होते. ते दोनदा विचारून गेले, नेऊ या का. मी म्हटलं, उतरतोय ताप."

वडील गाडीशी उभे आहेत, उपरणं गुंडाळलेलं, हे मला दिसत होतं. 'बैल सोड' म्हणणारा तो आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, आणि त्याच्या आधीचा आईचा आवाज माझ्या कानांनी कधी ठेवून घेतलाच नव्हता. कान इतके कसे पक्षपाती असतात? मी वाटी धरून तिच्या शेजारीच तर उभा होतो. आणि वडील. आळीनं त्यांना कंजूष म्हटलं, मी त्यांना मनात त्याहून वाईट म्हटलं, आणि तो माणूस घरी येऊन पाट मांडून जेवायचा, मला अभ्यासाचं विचारायचा, मी तुटक उत्तर दिलं की उपरणं झटकून बाहेर जायचा. मला एकाएकी त्यांची फार आठवण आली. मेल्यावर आलं नव्हतं ते रडू आता भर उन्हात, चुलतभावाच्या पोरींसमोर आलं. आईनं मला रडू दिलं. ती स्वतः रडत नव्हती. ती केव्हाच रडून संपली असावी, आम्हाला कुणाला न कळता.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ते होते तोवर ते बोलू देत नव्हते. एकदा मी सोनाराच्या बायकोपुढं सांगायला लागले तर मधेच येऊन म्हणाले, पाणी आण. नंतर मला म्हणाले, लोक मला चार दिवस बोलतील, तुला जन्मभर बोलतील. मग ते गेले. मग मला वाटलं, आता कुणाला सांगायचं?" तिनं आणखी एक काडी खुडली. "आणि बरंही वाटत होतं रे, लोक त्यांना बोलत होते ते. खोटं कशाला बोलू. मला कुणी बोलत नव्हतं." हे म्हणताना तिनं मान खाली घातली आणि भाजीचा हात थांबला.

मी तिच्याजवळ सरकून बसलो. मी आणलेली सुटका माझ्या खिशातच राहिली होती. ती कुणाला लागू पडत नव्हती. बोट निर्दोष ठरलं होतं आणि त्यानं काहीही हललं नव्हतं, कारण आई कधी बोटाला बोलतच नव्हती. ती त्या आनंदाला बोलत होती, साय निघाली म्हणून झालेल्या. तेवढ्यात तिनं विचारलं, "त्या कागदात काय लिहिलंयस?" मी पिशवीतून मसुदा काढून वाचला. रोगाची लक्षणे. रोग कसा पसरतो. रोग्याची भांडी. तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला त्वरित घ्यावा. मला ऐकतानाच ते सगळं दूरचं वाटू लागलं, कुणी बंद खोलीतून बोलावं तसं. आई म्हणाली, "त्वरित म्हणजे?" "लवकर." "मग तसं लिही ना. आणि हे कुणी ऐकणार नाही, गोपा. ज्या बाईला वाटतं आपल्या बोटाला साय येते, ती नाही ऐकणार. मी ऐकलं असतं का? तू लिही." मी पेन काढलं. तिनं पदरानं हात पुसले, जरा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि सावकाश, एकेक शब्द माझ्या पेनाला पुरेल असा सांगितला. "घशात साय दिसली तर बोट घालू नका. निघाली तर बरं वाटेल, त्यावर विश्वास ठेवू नका. जुंपलेली गाडी सोडू नका."

मी लिहून घेतलं आणि तिला परत वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. "बरोबर. साहेब ठेवतील का?" "ठेवतील," मी म्हटलं. "नाही ठेवलं तर मी भांडेन." ती परत करडई निवडायला लागली. मग हात न थांबवता म्हणाली, "पोरीचं नाव नको घालूस त्यात."

"पत्रकात नाव कुणाचंच नसतं, आई."

"माझं घाल," ती म्हणाली. "त्यांनी मरेपर्यंत कुणापुढं घेतलं नाही. तू घाल."